चर्च जेवायला गेले आहे

आमच्या आगरबंदरचं चर्च वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवायला जातं. गावच्या सणानंतरच्या रविवारी सकाळची मिस्सा आटोपली की ते उठतं आणि ज्या घराची पाळी असेल त्या घराच्या वाडीत जाऊन बसतं. वाटेत वीज कंपनीचा माणूस लांब बांबूने तारा वर धरतो. चारशे वर्षांची इमारत आहे, तिला घाई करता येत नाही. चार वाजता ते आपल्या जागी परत येतं.

त्या दिवशी रिकाम्या जागेवर पाटी असते: 'चर्च जेवायला गेले आहे. चारला परत येईल.' जुनी चर्चं बघायला येणारे पर्यटक ती वाचतात, मोकळ्या जागेचे फोटो काढतात आणि हे कितव्या शतकातलं, असं विचारतात. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून समितीतर्फे फुगे आणि सुकेळी वाटली जातात. फुगे म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव, आणि सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. खाल्ल्यावर कुणाची तक्रार राहत नाही.

चर्च कसं जेवतं, असंही लोक विचारतात. दार लावून जेवतं. घरची माणसं ताटं घेऊन आत जातात, पाहुण्याचं ताट वेदीसमोर ठेवतात, आपली पंगत बाकांच्या मधे मांडतात आणि दार ओढून घेतात. याहून जास्त माहिती समितीकडे नाही.

मी कैतान तुस्कानो, जेवण समितीचा चिटणीस. एक्केचाळीस वर्षं हेच काम करतो आहे. गावात घरंही एक्केचाळीसच आहेत, त्यामुळे यंदा पाळ्यांचा फेरा पुरा होऊन पुन्हा पहिल्या घरावर आला होता. ते घर नातालीन लोपीसचं. त्याच्या पुढचं माझं.

आता इथे नियम नऊ आडवा येत होता. पंगतीला घरची निदान आठ माणसं हवीत. बारा वर्षांपूर्वी एका घरी फक्त म्हातारा-म्हातारी उरली होती. तिथून परतल्यावर चर्चची घंटा आठवडाभर वाजेना. तेव्हापासून ही अट आहे, आणि ती मीच लिहिली आहे. आठ माणसं नसतील तर पाळी पुढच्या घरी जाते.

नातालीनच्या घरात एकच माणूस होतं. सासू-सासरे गेले, दीर गेला, चार वर्षांपूर्वी नवरा पास्कोलही गेला. दोन मुलगे कॅनडात, मुलगी दुबईत. पाळी हुकली तर पुढची एक्केचाळीस वर्षांनी, म्हणजे तिच्या एकशे तीनाव्या वर्षी.

आणि माझ्या घरात माझी आई होती. वय वर्षं एक्याण्णव, तीन वर्षं खाटेवर. तिला चर्चला नेणं जमत नव्हतं, पण चर्च आमच्या वाडीत आलं असतं तर तिला खिडकीतून दिसलं असतं. बाबा जाऊनही आमची माणसं मोजून नऊ होती. खोटं कशाला बोलू, नियम नऊ मला त्या वर्षी फार आवडला.

सणाच्या आदल्या गुरुवारी नातालीन आमच्या ओटीवर आली. मी तिला नियम वाचून दाखवला.

"आठ माणसं कुठून आणू, कैतानभाऊ?" ती म्हणाली. "पोरांना फोन केला. रजा नाय मिळत त्यांना."

"मग समितीचाही नाइलाज आहे."

ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी नवी सून होते तवा ते आमच्याकडं आलेलं. त्या दिवशी मी इंद्यालाच्या रश्शात मीठच घातलं नाय. पाहुण्यानं अर्धं ताट तसंच ठेवलं. घरातलं कुणी बोललं नाय. पास्कोलनं तर मागून दोनदा घेतलं. पण मना माहीत हाय ना. एवढी वर्षं ते घंटा वाजवतंय आणि मना वाटतंय, ते अजून उपाशी हाय."

मी समितीची नोंदवही उघडली. उघडायची गरज नव्हती, पान मला पाठ होतं. जेवणाआधी चिटणीसाने चुलीपाशी एक घास चाखायचा आणि मिठाची नोंद करायची, हा नियम तेव्हाही होता. ती माझी पहिलीच नोंद. घास तोंडात घातला तेव्हा कळलं होतं. ताटं भरून आत चालली होती, दारात पाहुणा ताटकळला होता आणि समोर एकवीस वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी लिहिलं: 'इंद्याल. मीठ बरोबर.'

नियम चार असं सांगतो, की अळणी जेवण हे जेवण धरू नये. पाहुणा जेवलाच नाही असं मानून तीच पाळी उभी ठेवावी. आणि जी पाळी त्या वर्षाची, तिला नियमही त्या वर्षाचेच लागू. तेव्हा आठ माणसांची अट नव्हती.

हे सगळं मला बसल्या जागी कळत होतं आणि मी गप्प होतो. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"कैतान, तू त्या दिवशी घरी येऊन मना काय सांगितलंस?"

"आठवत नाही."

"मना आठवतं. अळणी होतं म्हणालास. खरं लिव."

"आई, मग आपली पाळी पुढच्या वर्षावर जाईल."

"जाऊ दे. मी कुठं चाललेय?"

मी लाल पेनाने 'बरोबर' खोडलं, 'नव्हते' लिहिलं, खाली सही केली. समितीच्या बैठकीत फादर इनासनी चष्मा काढून विचारलं, "एवढी वर्षं नोंद चुकीची होती?" मी हो म्हणालो. त्यांनी ताकीद दिली आणि नातालीनची पाळी मंजूर केली.

रविवारी दहाला चर्च उठलं. नातालीनच्या वाडीत केळींना धक्का न लावता, थोडं तिरपं होऊन बसलं. मी चुलीपाशी गेलो. वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याचा वास सगळ्या घरात कोंडला होता. तिने इंद्यालाचा चमचा माझ्या हातावर ठेवला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. मीठ बरोबर होतं. या वेळी खरोखरच होतं. मी मान हलवली.

तिने ताटं आत न्यायला सुरुवात केली. एक पाहुण्याचं, एक तिचं, इथवर ठीक. पण ती येतच राहिली. एकूण नऊ ताटं गेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"पंगतीची," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पाटीपाशी नाशिकची एक बस आली होती. मी फुगे वाटत बसलो. एका बाईंनी विचारलं, चर्चला काय आवडतं? मी म्हणालो, माणसं.

चारला ते उठलं नाही. साडेचारला मी दार लोटलं. नातालीन बाकावर टेकून झोपली होती, तोंड जरा उघडं, हात खरकटाच. वेदीसमोरचं ताट चाटून पुसल्यासारखं स्वच्छ होतं. बाकांमधली आठही ताटं रिकामी होती. एका ताटात मिरच्या काढून कडेला ठेवल्या होत्या. तिचा दीर तसा खायचा. मी वहीत लिहिलं: 'पंगतीत आठ. मीठ बरोबर.' म्हणजे नियम नऊही पाळला गेला होता. मग मी तिला उठवलं आणि सव्वापाचला चर्च जागेवर आलं. उशीर नोंदवला आहे.

संध्याकाळी तिच्या धाकट्याचा कॅनडातून फोन आला. तिकडे सकाळ होती. त्याला नाश्ता नको वाटत होता.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पास्कोलचं ताट?" तिने विचारलं.

"रिकामं होतं."

"दोनदा घेतलं असंल," ती म्हणाली. मला वाटलं झोपली. मी दिवा लावायला उठलो, तर म्हणाली, "पुढच्या वर्षी आपल्याकडं तुझ्या बाबांचं ताट मांड. आणि इंद्याल जरा बेतानं तिखट कर. त्यांना सोसत नाय."