इंजन मोठं हाये

शालिकभाऊजींना कोणी नवी गाडी दाखवली की ते आधी बॉनेट उघडायला लावत. गाडीला ताजा हार असो, बोटाला पूजेचं कुंकू असो, हातावर पेढा ठेवलेला असो, बॉनेट उघडल्याशिवाय पेढा तोंडात जात नसे. कमरेवर हात ठेवून ते आत डोकावत आणि डॉक्टर आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलतो त्या स्वरात म्हणत, "इंजन मोठं हाये."

मालकाला वाटे, कौतुक चाललं आहे. तो खुलून हसे.

"हासू नको बाप्पा," भाऊजी म्हणत. "मोठं हाये म्हनजे वाईट हाये."

मग पेढा.

शालिकराम हे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बाळापूरजवळच्या एका खेड्यात त्यांची फुलांची आणि भाजीची वाडी आहे. झेंडू, शेवंती, वांगी, आणि आमच्याकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. वाडीच्या कडेला टिनाचं एक शेड आहे, आणि त्या शेडमध्ये ते गेली कित्येक वर्षं मोडक्या गाड्यांतून आपल्या मनासारखी गाडी बनवत आले आहेत. मी अमरावतीला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. भाऊजी मला 'प्रोफेसर' म्हणतात. मी प्रोफेसर नव्हतो हे सांगून सांगून थकलो. त्यांचं उत्तर ठरलेलं: "मंग इतकी पुस्तकं कायले सांभाळली?"

माझी बहीण, सुमनताई, गेल्या पौषात गेली. लिहायला बसलो तो तिच्याविषयी लिहावं म्हणून. पण दर दोन ओळींनी भाऊजी आडवे येतात. शेवटी म्हटलं, येऊ द्यावं. ताईलाही ते असेच आडवे येत.

त्यांचा लाडका प्रश्न एकच होता, "एव्हरेज किती देते?" गाडी एका लिटरमध्ये किती चालते, हा त्याचा जगाला ठाऊक असलेला अर्थ. भाऊजींनी तो अर्थ गाडीपुरता ठेवला नव्हता. म्हशीला एव्हरेज होतं, पावसाला होतं, जावयालाही होतं. गावात सप्ताहाला आलेल्या कीर्तनकारबुवांची त्यांनी सर्वांदेखत तारीफ केली, "महाराजाचं एव्हरेज लय भारी. अर्ध्या कप च्यावर दोन घंटे." एकदा माझ्या ग्रंथालयात आले, चारी बाजूंनी भिंतीला टेकलेली कपाटं पाहिली आणि हळूच विचारलं, "प्रोफेसर, एका पुस्तकात अक्कल किती किलोमीटर चालते?" मी अजून त्याचं उत्तर शोधतो आहे.

एकदा मी त्यांना एक परदेशी मासिक दाखवलं. तिकडे लोक घरच्या घरी जुन्या गाड्या कापून, छत उतरवून, त्यात प्रचंड इंजिनं बसवतात, आणि त्या गाडीला 'हॉट रॉड' म्हणतात, असं त्यात होतं. चित्रातल्या गाडीचं इंजिन बॉनेटमध्ये मावत नव्हतं, वर आलं होतं, आणि दोन्ही बाजूंनी बँडच्या पिपाण्यांसारखे धुराचे पाइप निघाले होते. भाऊजींनी चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिलं.

"हे लोक लग्न झाल्यावर बँडवाल्याईले घरी जाऊ देत नाई का?" त्यांनी विचारलं.

"शौक असतो, भाऊजी."

"बसनार दोन मानसं. घोडे तीनशे. बाकीचे घोडे काय करते? नुसतं पेट्रोल पेते." त्यांनी मासिक मिटलं. "आपन असीच गाडी बनवू. पन इंजन ल्हान."

बाळापूरच्या एका डॉक्टरांची जुनी, गोल डोळ्यांची मोटार निंबाखाली पडून होती. कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालत. ती भाऊजींनी ओढून आणली, छत कापलं, मागची सीट अरुंद केली, जड पत्रा काढून टाकला आणि निळा रंग दिला. आतलं मूळ इंजिन चार माणसांनी उचलून बाहेर ठेवलं. ते किती मोठं आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवण्यासाठी त्यांनी ते कित्येक महिने तसंच ठेवलं होतं.

याच सुमारास ताईला कंपवात झाला. आधी हात थरथरू लागले, मग आवाज उतरू लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आवाज असाच बारीक होत जाईल आणि एक दिवस उमटणार नाही. ताई शांतपणे ऐकून घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, "मले एकदा सेमाडोहले जायचं हाये. बोलता येऊन राहिलं तोवर."

सेमाडोह हे आमचं लहानपण. वडील तिथे शाळेत मास्तर होते. सिपना नदीच्या काठावर आम्ही दोघं वाढलो, आणि ताईचं लग्न झाल्यावर ती पुन्हा कधी तिकडे गेली नव्हती. शेती, मुलगा, सासू, फुलांचे हंगाम यांतून सवड झाली नाही. मी म्हणालो, उद्याच भाड्याची गाडी करतो. ताईने भाऊजींकडे पाहत नकारार्थी मान हलवली.

"याईनं मले कबूल केलं हाये. याईच्याच गाडीत जाईन."

आणि याईच्या गाडीत इंजिनच नव्हतं.

पहिलं बसवलं ते विहिरीवरचं. शेतात सोलर पंप आल्यापासून जुनं डिझेल इंजिन रिकामं होतं. आमच्या भागात रिकामं डिझेल इंजिन दिसलं की माणसाला ते कशाला तरी जोडल्याशिवाय चैन पडत नाही. एका लिटरमध्ये ते इतकं चाले की भाऊजी आठवडाभर गावात सांगत फिरले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागे झेंडूची पोती भरून आणि शेजारी ताईला बसवून ते अकोल्याच्या बाजारात निघाले. त्या एका सिलिंडरच्या धक्क्यांनी गाडी अशी हादरत होती की अकोल्यात पोती उघडली तेव्हा आत पाकळ्या वेगळ्या आणि देठ वेगळे झाले होते. फूलवाल्या बाया पोत्यात हात घालून पाहत आणि भाऊजींकडे पाहत.

एक म्हणाली, "भाऊ, झेंडू कुटून आनला का?"

ताईने गाडीतून उतरून भाऊजींच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "आता माह्या हाताले कोनी नाव ठेवनार नाई. तुमचेबी कापून राहिले."

भाऊजी हसले नाहीत. ते इंजिन परत विहिरीवर गेलं.

दुसरं इंजिन ऑटोरिक्षाचं. ते धक्के कमी देई, पण टरटरे फार. बाळापूरच्या चौकातून जाताना लोक आवाज ऐकून हात करत. एक म्हातारी तर पिशवीसकट मागे चढून बसली आणि म्हणाली, बसस्टँडवर सोड. भाऊजींनी तिला सोडलं, आणि तेही इंजिन उतरवलं.

मी मात्र चिडलो होतो. दिवस जात होते. फोनवर ताईचं बोलणं मला आता दोनदा विचारावं लागे. अकोल्याच्या गॅरेजवाल्या इस्माईलभाईंकडे जीपचं एक दणकट डिझेल इंजिन तयार होतं. चार दिवसांत बसवून देतो म्हणत होते. मी भाऊजींना सांगितलं, ते बसवा आणि एकदाचं निघा.

"मोठं हाये," ते म्हणाले.

"असू द्या ना! तिच्याजवळ वेळ किती आहे?"

"एव्हरेज नाई देत थे."

मला तेव्हा त्यांचा राग आला. बायकोच्या शेवटच्या इच्छेतही हा माणूस डिझेल मोजतो आहे, असं वाटलं. तसं मी ताईला बोललोही. ती नुसती हसली.

काही दिवसांनी मी अकोल्याला गेलो तेव्हा गॅरेजमध्ये निळी गाडी उभी होती. भंगारात निघालेल्या एका छोट्या मोटारीचं तीन सिलिंडरचं इंजिन त्यात बसवलं होतं. ते चालू होतं. ताई पुढच्या सीटवर बसली होती आणि भाऊजी स्टिअरिंगवर, कान तिच्याकडे करून.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?" हे मला फक्त ओठांवरून कळलं.

"काईबी बोल."

ताईचे ओठ हलले. भाऊजींचा चेहरा उजळला. "सकाळच्या भाजीत मीठ जास्त होतं म्हनते!" ते ओरडले. "आयकू आलं! इस्माईलभाई, हेच इंजन!"

इस्माईलभाई हात पुसत माझ्याजवळ आले. "साहब, लोग आके पूछते, पिकअप कैसा है. ये तीन महिने से भाभी को बिठाके हर इंजन पे एक ही बात पूछते." त्यांनी आवाज खाली आणला. "मेरा जीपवाला भी सुनके गये. उसमें भाभी की आवाज नहीं आई."

भाऊजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "एव्हरेजबी चांगलं हाये, प्रोफेसर."

गाडीच्या कागदपत्रांसाठी त्यांनी आरटीओच्या कचेरीत बऱ्याच चकरा मारल्या. तिथल्या साहेबांनाही ते त्यांच्या गाडीचं एव्हरेज विचारत. बहुधा म्हणूनच काम लवकर झालं.

दुसऱ्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाशी, आम्ही सेमाडोहला गेलो. मी परतवाड्याला त्यांच्या गाडीत चढलो, मागच्या अरुंद सीटवर. घाट लागला आणि लहान इंजिनाचा जीव दिसू लागला. पहिल्या गेअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने आम्ही चढत होतो. जंगल पाहायला निघालेल्या जिपा मागून हॉर्न वाजवत पुढे जात. एका जिपेतली पोरं आमचा व्हिडिओ काढत होती. ड्रायव्हर हळू करून म्हणाला, "काका, ढकलू काय?"

"ढकल," भाऊजी म्हणाले, "पन गप ढकल."

कारण ताई बोलत होती. परतवाड्यापासून सेमाडोहपर्यंत ती सारखी बोलत होती. मागे मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. इंजिनाची बारीक घरघर, वारा, सागाची पानं, आणि मध्येच भाऊजींचं "हो," "खरं का?", "मंग मास्तर काय म्हनले?" एका वळणावर ते इतके हसले की त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि डोळे पुसले. मी पुढे वाकून विचारलं, काय झालं? "काई नाई," ते म्हणाले, "तुह्या ल्हानपनचं हाये." दोघांनीही मला ते सांगितलं नाही.

सेमाडोहला ताई नदीवर गेली, पाण्यात पाय घालून बसली. शाळेच्या जागी नवी इमारत होती. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. येताना ती पुन्हा बोलत राहिली, आणि भाऊजी ऐकत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा आवाज गेला. पौषात ती गेली.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. नंतरही ते घर रिकामं होत नाही. मुलगा रवी, सून, नातवंडं, भाऊजींचे दोन भाऊ, त्यांची मुलं. त्या घरात एकट्याने बसायला कोपरा नाही. भाऊजी सर्वांसमोर नीट होते. जेवत, वाडीत जात. आलेल्यांना ते एव्हरेज विचारत नसत, एवढंच. लोक म्हणाले, शालिकभाऊनं धीर धरला.

चैत्रात इस्माईलभाईंचा मला फोन आला. "साहब, शालिकभाऊ को जरा समझाओ. वो जीपवाला इंजन ले गये."

मी गेलो. निळ्या गाडीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन, ज्याच्यासाठी वर्ष घातलं होतं, शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाने झाकलेलं होतं. गाडीत जीपचं इंजिन बसलं होतं, आणि बॉनेट लागत नव्हतं.

"भाऊजी, हे कशाला?"

"मोठं बरं असते," ते म्हणाले, आणि वांग्यांना पाणी सोडायला निघून गेले.

दुपारी जेवणं झाली. आम्ही ओसरीवर बसलो होतो तेव्हा शेडमध्ये ते इंजिन सुरू झालं. कोंबड्या उडाल्या. सुनेने धाडकन खिडकी लावली. भांड्यांच्या मांडणीवर पेले किणकिणू लागले. गाडी कुठे जाणार म्हणून मी वाट पाहिली, पण ती बाहेर आली नाही. आवाज तेवढा चालू राहिला.

"रोज असंच," रवी माझ्या कानाशी ओरडला. "जात कुठंच नाई. मामा, तुमचं आयकते थे. सांगा ना बंद कराले."

मी उठून शेडकडे गेलो. दाराशी जाईपर्यंत कानात दुसरं काही उरलं नव्हतं. भाऊजी स्टिअरिंगवर बसले होते, पाठ माझ्याकडे, मान थोडी डावीकडे, शेजारच्या रिकाम्या सीटकडे कललेली. मी हाक मारली. मलाच माझी हाक ऐकू आली नाही. मी बाजूने पुढे झालो तेव्हा त्यांचा चेहरा दिसला.

ते बोलत होते. मध्येच हात हलवून काहीतरी समजावत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नव्हतं. घरातल्या इतक्या माणसांपैकी कोणालाही त्यातला शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. मलाही आला नाही.

त्यांनी मला पाहण्याआधी मी मागे फिरलो.

ओसरीवर रवी उभाच होता. "काय म्हनले?"

"राहू दे," मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. "नवीन इंजिन आहे. काही दिवस असंच चालू ठेवावं लागतं."