मोजणीतून सुटलेली मुशी

एखाद्या गोष्टीवर दीर्घकाळ लक्ष ठेवायचे, तर ती गोष्ट दीर्घकाळ टिकली पाहिजे. हा शास्त्राचा पाया आहे. ओमानच्या किनाऱ्यावरच्या मुश्यांना (म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या शार्कना) तो कोणी समजावून सांगितला नव्हता, एवढीच काय ती आमच्या कार्यालयाची अडचण.

कार्यालयाचे काम थोर होते: मुश्या वर्षानुवर्षे वाढताहेत की घटताहेत, हे पाहणे. पद्धतही निर्दोष. कोळ्यांनी मारून वाळूवर आणलेल्या मुश्या मोजायच्या. (मेलेली मुशी हलत नाही, चावत नाही आणि दोनदा मोजली जात नाही. जिवंत मुशीत हे तिन्ही दोष आहेत.) त्यामुळे ज्या वर्षी जास्त मेल्या त्या वर्षी आलेख वर गेला, आणि मुश्यांची भरभराट झाली म्हणून आम्ही खजूर वाटले.

मोजणी लहू गजभिये करायचा. नागपूरकडचा, आकडेमोडीत पक्का, राहायला मस्कतच्या माबेला भागात. शहाण्णव साली तो रुजू झाला तेव्हा वाळूवर त्याच्याहून लांब मुश्या पसरलेल्या असत. दोन हजार चारपर्यंत त्या त्याच्या हाताएवढ्या उरल्या. अर्बाबना, म्हणजे आमच्या साहेबांना, उतरती रेषा आवडत नसे. तिने पाहुण्यांची भूक मरते, असे त्यांचे मत. म्हणून 'मोठी मुशी' या शब्दाची व्याख्या सुधारण्यात आली. आधी माणसाहून लांब ती मोठी, मग टेबलाहून, शेवटी, डब्याच्या पिशवीत मावत नाही ती. मोठ्या मुश्या एका दुपारीत दुप्पट झाल्या. समुद्राला हे जमले नसते.

लहू मात्र खंगला. बायकोला म्हणाला, "दीप्ती, मी मुश्या मोजत नाही गं. मयताची हजेरी घेतो."

"मग रजा घे."

"घेतली तर अर्बाब स्वतः मोजतील. मग सगळ्या वाढतच जातील!"

पुढे परदेशी पाहुणे मोजणी पाहायला यायचे ठरले, आणि नेमकी त्याच सकाळी ओढजाळ्यात एक मादी आली. चांगली लांबलचक, उथळ पाण्यात धडपडणारी. दाभोळचे मासळी व्यापारी हुसैनमियाँ हरखून गेले.

"लहूभाई, कित्येक वर्षांनी असा माल! पोट बघा, पिल्लांनी भरलंय. यल्ला, मोजा, म्हणजे कापतो."

नियमाप्रमाणे ती मेल्यावर एक. पिल्ले शून्य, कारण ती पोटात होती, वाळूवर नाही. लहूने टेप लावला. टेपखाली पोट हलले. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकला.

"हुसैनमियाँ, हिला सोडू या."

"डोकं फिरलं काय? मी घेतलीय ती!"

"ही गेली की पुढं काय विकणार? अल मवालेहच्या भाजीबाजारात भेंडी घेऊन बसणार?"

हुसैनमियाँना भेंडीचे चित्र सोसेना. "या अल्ला," ते म्हणाले. "मी शेपटी धरतो. तोंडाकडून तुम्ही. शिकलेले तुम्ही आहात."

दोघे तिला खोल पाण्याकडे ढकलत असताना पाहुणे पोहोचले. अर्बाब, पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा सावरत, "खलास! थांबा!" ओरडत पाण्यात धावले. मुशीने शेपटीचा एकच तडाखा दिला. अर्बाब गळ्यापर्यंत बसले. मुशी गेली. अर्बाब हसतमुखाने उठले आणि पाहुण्यांना म्हणाले, "खास प्रात्यक्षिक!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लहू आणि हुसैनमियाँ कमरेइतक्या पाण्यात एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते.

दुसऱ्या दिवशी लहूला मेमो मिळाला: 'शासकीय आधारसामग्री (डेटा) समुद्रात सोडल्याबद्दल'. महिनाअखेर तो सोहार औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची बुचे मोजायला लागला (निर्जीव वस्तू मोजण्याचा अनुभव ग्राह्य). आता त्याला झोप चांगली लागते.

ही हकीकत मस्कतभर पसरली. घरोघरी डोळे पाणावले. निरोपाच्या जेवणात प्रत्येकाने लहूला मिठी मारली, आणि मिठीतच कानाशी विचारले, "नेमकी कुठे सोडलीत?" त्याने कोणालाच सांगितले नाही. आम्हीही किनाऱ्याचे नाव दिलेले नाही. वाचकहो, तुम्ही ते वर शोधत असाल, तर निव्वळ प्राणिप्रेमापोटीच, याबद्दल आम्हाला शंका नाही. फक्त बर्फाची पेटी तेवढी घरी ठेवून या.