कृत्तिकांच्या लांबट चेहऱ्यांचं प्रकरण

"आधी आपल्या पायाखाली बघावं, मग इकडेतिकडे," माझी आई सांगायची. पण ती सूचना सामान्यांसाठी. माझ्यासारख्या गुप्तहेराची नजर नेहमी वर. सासूबाईंचा हरवलेला चष्मा मीच शोधला होता. तो माझ्याच डोळ्यांवर निघाला, हा तपशील गौण.

यंदाचं प्रकरण थेट आकाशातलं. गुडघ्यांमुळे सासूबाईंचं गच्चीवर येणं बंद झालं, तेव्हा ह्यांनी त्यांना कबूल केलं, "वाढदिवसाला तुझ्या कृत्तिका फोटोत खाली आणून देतो." वाढदिवस उद्यावर आला, तरी आमच्या छोट्या दुर्बिणीतून येणारे तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट!

"आरसा सरकला असेल," हे स्क्रू पिळत म्हणाले.

"किंवा शेजारचे दाताचे डॉक्टर," मी हळूच सुचवलं.

"त्यांचा काय संबंध?"

"सगळे तारे त्यांच्याच घराकडे ताणलेत. ओढण्याचा सराव कोणाला असतो?"

हे पुन्हा स्क्रू पिळू लागले. माझ्या बुद्धीला ते अशीच दाद देतात.

मग मी दवावर संशय घेतला, वाऱ्याला चादर आडवी बांधली. व्यर्थ. आता भिस्त देवावर. पहिल्याच दिवशी मी नवस बोलले होते, की फोटो नीट येईपर्यंत, कॅमेरा चालू झाला की नाम घेत दुर्बिणीभोवती फेऱ्या घालीन. हे तेव्हा आत लॅपटॉपसमोर असत. फोटो बिघडला की मी फेऱ्या वाढवी. फेऱ्या वाढल्या की फोटो आणखी बिघडे. शत्रू कसलेला होता.

त्या संध्याकाळी खालच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अगं, वर कोण नाचतंय? तांब्यातलं पाणी डुचमळतंय माझ्या!"

हे धावत बाहेर आले. त्यांनी गच्चीच्या लाकडी फळ्या पाहिल्या, त्यांवरचे दुर्बिणीचे तीन पाय पाहिले, मग माझे दोन.

"तू रोज चालतेस इथे?"

"तुमच्यासाठीच," मी पुटपुटले.

"बस खाली. आणि माळसुद्धा ओढू नकोस!"

मी बसले. गुन्हेगार माझ्या इतक्या जवळ कधीच बसला नव्हता. पुढच्या फोटोत तारे मोहरीसारखे गोल!

लॅपटॉप मांडीवर घेऊन सासूबाई बोटाने एकेक तारा चाचपत राहिल्या. "सगळ्या आल्या गं," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "काय बाई, चोर सापडला?"

"सापडला, आई. पण आजच्या निम्म्या फेऱ्या राहिल्यात."

"देवाला बोललीस ना? मग घाल. पण जमिनीवर!"

हे आणखी एक फोटो घ्यायला वर गेले होते. मी चपला हातात घेतल्या, चवड्यांवर अंगणात उतरले, आणि पायाखाली नीट बघून पहिलं पाऊल टाकलं.