बहरीनचं गाणं निवडताना

"निवड कशी करायची असते, हे या वेळी जगाला दाखवूनच देतो!" असं जयप्रकाश करंदीकरांनी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी जाहीर केलं.

"जगाला दाखवा, पण आधी गिझरवाल्याला फोन करा," चारुलता म्हणाली. ती त्यांची बायको. तिला अशा घोषणांची सवय होती.

पण या वेळची गोष्ट खरंच मोठी होती! आखातातल्या सगळ्या देशांमधल्या मराठी मंडळांची गीतस्पर्धा यंदा प्रथमच मस्कतला भरणार होती. एका देशाचं एकच गाणं, तेही नवंकोरं. बहरीनचं गाणं निवडायची पद्धत ठरवायचं काम मंडळानं जयप्रकाशना दिलं, कारण ते बँकेत ऑडिटर होते आणि त्यांना नियम करायला आवडायचं. आठ दिवसांत त्यांनी चौदा नियम केले, आणि नवव्या दिवशी समितीचा राजीनामा देऊन स्वतःचंच नाव स्पर्धेत नोंदवलं!

त्यांना हसू नका. माणसाच्या मनात एखादी इच्छा असते. एकोणीस वर्षं ते बहरीनमधल्या सनाबिसमध्ये राहत होते आणि त्यातली अकरा वर्षं एकच गाणं घासत होते. जूनमध्ये निवृत्ती, मग व्हिसा संपणार, मग कायमचं पुणं. त्याआधी एकदा, फक्त एकदाच, मोठ्या मंचावरून ऐकायचं होतं, "आणि आता बहरीनतर्फे... जयप्रकाश करंदीकर!" आंघोळीच्या वेळी ही घोषणा ते स्वतःच करून बघत.

नियम मोठे पक्के होते. मंडळातल्या लोकांचे चार गट पाडले होते: पुणे, मुंबई, विदर्भ आणि कोकण. प्रत्येक गटाचं एक गाणं. स्वतःच्या गटाला गुण द्यायचे नाहीत. बाकीच्या तिघांना आवडीप्रमाणे बारा, आठ आणि चार द्यायचे. चार गाणी आली नाहीत तर स्पर्धाच रद्द. नववा नियम तर जाड अक्षरांत होता: एकदा निवडलेलं गाणं कोणत्याही कारणानं बदलता येणार नाही.

पुण्याकडून जयप्रकाश होतेच, मुंबईकडून कश्मिरा उभी राहिली. ती एका कंपनीत एचआरमध्ये होती आणि गाण्याबरोबर नाचणारही होती. विदर्भाकडून नागपूरचे सदानंद, पेशानं इंजिनिअर, आवाज भोंग्यासारखा. कोकणाकडून मात्र कोणीच नाही! आता आली का पंचाईत? जयप्रकाश धावत नईम भागात गेले. तिथं रत्नागिरीच्या लतीफचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं.

"लतीफभाई, कोणीतरी उभं करा! नाहीतर स्पर्धा खलास!"

"साहेब, माझा आवाज मफी, बिलकूल नाही," लतीफ हसला. "पण अम्मीला विचारा. लग्नात गाते ती."

आत खुर्चीवर त्याची आई खदिजाखाला लसूण सोलत बसली होती. वय सत्तरीच्या घरात.

"खाला, एक नवं गाणं म्हणाल का? तीन-चार मिनिटांचं."

"नवा? मी जुना कधी म्हणतच नाय," ती म्हणाली. "समोर जा दिसल ता जोडायचा नि म्हणायचा. चालल तुमाला?"

"पळेल!" जयप्रकाश म्हणाले. मनात म्हणाले, चला, चौथी प्रवेशिका मिळाली आणि धोकाही नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सदानंदांचा फोन आला. "भाऊ, आपलं ठरलं ना? मी तुम्हाले बारा देतो, तुम्ही मले बारा द्या!"

"ठरलं म्हणजे ठरलं!" जयप्रकाश म्हणाले. अगदी हाच करार त्यांनी सकाळी कश्मिराशीही केला होता. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्यातला ऑडिटर जागा झाला. सदानंदला बारा दिले आणि तोच निवडून आला तर? कश्मिराचंही तेच. मग बारा अशा माणसाला द्यावेत, जो काही केल्या जिंकणार नाही. म्हणजे खदिजाखाला! या युक्तीवर ते इतके खूश झाले की त्यांनी आरशात स्वतःला नमस्कार केला.

सनद भागातल्या हॉलमध्ये शुक्रवारी चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. कश्मिरा नाचत गायली. सदानंद गायले तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग जयप्रकाश गायले. अकरा वर्षांचं गाणं सहा मिनिटांत संपलं, एकही सूर चुकला नाही, आणि घाम पुसत ते खाली उतरले, तोच मागच्या दारातून बटाटेवड्यांचा घमघमाट आला.

हे समजून घ्या की घशासाठी त्यांनी तीन आठवडे तळलेलं तोंडात घातलं नव्हतं. ज्येष्ठमध आणि कोमट पाणी! मंचावर खदिजाखाला नुकती माइकपाशी पोचत होती. जयप्रकाश उठले. ते उठले म्हणून पुणे उठलं. पुणे उठलं म्हणून मुंबईला वाटलं, वडे संपणार! मुंबईमागोमाग विदर्भ. दोन मिनिटांत हॉलमध्ये कोकणातली सात घरं तेवढी उरली.

चारुलता वडे वाढत होती. "अहो, बाई गातायत ना आत!"

"गाऊ देत की. चटणी घाल अजून."

आतून टाळ्या आणि मोठमोठं हसणं ऐकू येत होतं, शब्द मात्र गलक्यात कळत नव्हते. बिचारीची फजिती होतेय, जयप्रकाशना वाईट वाटलं. या वयात कशाला उभं केलं आपण तिला? अपराधी मनानं त्यांनी दुसरी बशी भरली, आणि तिथंच उभ्याउभ्या पुणे गटाचा गुणांचा कागद भरून टाकला. कोकण बारा. गटातल्या लोकांनी खात खात माना हलवल्या. कागदावर तेलाचा ठसा उमटला.

निकाल चारुलतानं वाचला. "पुणे गटाचे बारा गुण... कोकण!"

जयप्रकाशनी उदारपणे टाळ्या वाजवल्या.

"मुंबईचे बारा... कोकण!"

टाळ्या जरा मंदावल्या.

"विदर्भाचे बारा... कोकण!"

जयप्रकाशनी सदानंदांकडे पाहिलं, सदानंदांनी कश्मिराकडे, कश्मिरानं जयप्रकाशकडे. तिघांनाही एकदम कळलं की आपण तिघंही सारखेच हुशार आहोत!

"आणि कोकणाचे बारा," चारुलता थांबली, "पुणे. जयप्रकाश करंदीकर."

"तुमचा गाणा मला लय आवडला, बाबा," खदिजाखाला मंचाखालून म्हणाली. "डोल्यात पाणी आला. ह्या दोघांचीपण गाणी आमी बसून ऐकली."

जयप्रकाशना बसल्या जागी जमिनीत जावंसं वाटलं. मनापासून दिलेले तेवढेच बारा गुण त्या सभागृहात होते आणि ते त्यांना मिळाले होते. कोकणाचे छत्तीस झाले, बाकी तिघांचे वीस-वीस.

"पण, लाइक, त्या गायल्या काय?" कश्मिरा हळूच म्हणाली. "आपल्यापैकी कोणी ऐकलंय?"

माना नकारार्थी हलल्या. "विजेत्यांनी पुन्हा एकदा गावं!" सदानंद ओरडले. जयप्रकाशच्या मनात एक पापी आशा डोकावली. वाईट गायली तर काहीतरी मार्ग काढता येईल.

खदिजाखाला मंचावर गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला, माइक बाजूला सारला, घटकाभर सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहिली. मग तिनं आवाज सोडला.

*दर्या एकच बाय, काठ झाले दोन,*
*ह्या काठाची हाक त्या काठाला सांगल कोण?*

काय आवाज होता तो! जाड, किंचित फाटका, कुठलाही साज नसलेला, आणि थेट काळजात उतरणारा. नवरा पन्नास वर्षांपूर्वी जहाजानं बहरीनला आला, ती तिकडे किनाऱ्यावर उभी राहिली. आता ती इकडे आली, आणि तो तिकडच्या मातीत आहे. एवढंच गाणं. कश्मिराचं काजळ गालांवर ओघळलं. सदानंदांसारखा पहाडी माणूस नाक ओढत होता. जयप्रकाशच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण अकरा वर्षं केलं ते गाण्याचं ऑडिट होतं, गाणं हे आहे, असं त्यांना लख्ख दिसलं. आणि नवल म्हणजे वाईट वाटलं नाही. मोठ्या डोंगरासमोर उभं राहिल्यावर आपली उंची कोण मोजतो?

गाणं संपलं. जयप्रकाशच उठून उभे राहिले. "हेच!" ते म्हणाले. "हेच गाणं मस्कतला जाणार! बहरीनचं गाणं हेच!"

"हा?" खाला गोंधळली. "हा तर मी आता जोडला, बाबा. तुमी गुण दिलेला गाणा वेगला होता."

कश्मिरानं फोनवर नियम उघडले आणि नववा नियम मोठ्यानं वाचला. जाड अक्षरांसकट!

"मग ते कोणतं होतं जी?" सदानंदांनी विचारलं.

लतीफनं मान खाली घालून खिशातून मोबाइल काढला. त्यानं रेकॉर्डिंग केलं होतं. बटण दाबलं, आणि टाळ्यांच्या ठेक्यावर तोच आवाज खणखणीत घुमला:

*गाणा राह्यला मंचावर, सभा गेली वड्यावर,*
*जयप्रकाश साहेब पुढं, चटणी त्यांच्या शर्टावर!*

जयप्रकाशनी खाली पाहिलं. होती.

सात कडवी होती. उघड्या दारातून जे जे दिसलं, ते ते सगळं गाण्यात होतं: कश्मिराचा पदर रांगेत अडकलेला, सदानंदांनी खिशात घातलेले दोन वडे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी पुन्हा साहेब, पुन्हा चटणी! एकही मात्रा इकडची तिकडे नाही. हॉल पोट धरून हसत होता. जयप्रकाश मात्र आ वासून ऐकत होते. उभ्याउभ्या, माणसं बघता बघता, हे असं कोणाला जमतं? हसता हसता त्यांचेच डोळे भरून आले.

"नियम म्हणजे नियम," शेवटी ते म्हणाले. "हेच गाणं जाईल. बाकीच्या देशांतली मंडळी पहिल्याच कडव्याला गार होतील!"

"बघा, झालं ना तुमच्या मनासारखं?" चारुलता ओल्या रुमालानं शर्ट पुसत म्हणाली. "मस्कतच्या मंचावरून, बहरीनतर्फे, तुमचं नाव!"

 जयप्रकाश खुर्च्या चुकवत खदिजाखालाजवळ गेले, इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खाला, शब्द बदलायचे नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण 'साहेब'च्या जागी 'करंदीकर' बसतंय का बघता? मस्कतला जयप्रकाश पुष्कळ असतील."