पेढ्याच्या सुरक्षेचं उद्घाटन

खरवईच्या त्या सोसायटीचं प्राण्यांवर प्रेम आहे, हे सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झालं होतं. तरी गेल्या दिवाळीत गुरुदत्त काकांचा कुत्रा पेढ्या पलंगाखालून बाहेर आला नव्हता, जेवलाही नव्हता. पत्नी नीलिमाताई गेल्यापासून काकांना घरात बोलायला तेवढा एकच होता. म्हणून यंदा काकांनी विनंती केली, फटाके गेटजवळ नको, मागच्या मैदानात वाजवा.

अध्यक्ष पुष्कर गंभीर झाला. “काका, फटाके आपली संस्कृती, पेढ्या आपली जबाबदारी. दोघांनाही न्याय मिळेल.”

उपसमिती नेमली गेली. तिने क्लबहाउसला जाड पडदे लावले, गाद्या घातल्या आणि दारावर पाटी ठोकली, ‘प्राणी शांतता कक्ष’. काकांना भरून आलं. ते पेढ्याला घेऊन आत शिरणार, तोच सचिव मीनल आडवी आली.

“काका, अजून उद्घाटन कुठे झालंय?”

उद्घाटन नरकचतुर्दशीच्या सकाळी ठरलं. प्राणी हेच प्रमुख पाहुणे, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. दोन मांजरं, एक पोपट, मधोमध पेढ्या. त्यांच्या पायांपासून गेटपर्यंत फटाक्यांची लांबलचक माळ अंथरलेली.

“पुष्कर, ही कशाला रे?”

“काय काका! फटाक्यांशिवाय उद्घाटन असतं का?”

“अरे, पण आवाज नको म्हणूनच ना ही खोली?”

“तेच तर! आवाजच झाला नाही, तर खोली चालते हे कळणार कसं?”

माळ पेटली. पेढ्याने पट्ट्यातून मान सोडवली आणि तो रस्त्यापलीकडे दिसेनासा झाला. मांजरं टाकीवर चढली. पोपट पिंजऱ्यात असल्यामुळे कार्यक्रमाला शेवटपर्यंत उपस्थित राहिला.

तातडीची सभा बोलावली. बाहेर आवाज आणि धूर असह्य होता, म्हणून ती शांतता कक्षात भरली. दार आतून लावून घेतलं. काका बाहेरून दार बडवत राहिले, पण कक्षाचं काम चोख झालं होतं. आत काहीही ऐकू गेलं नाही. सभेने निष्कर्ष काढला : घटनेच्या वेळी पेढ्या कक्षात नव्हता, सबब कक्ष पूर्णपणे सुरक्षित आहे.

काका एकटेच शोधत निघाले. संध्याकाळी जांभूळ गावच्या रस्त्याला एका मोरीखाली पेढ्या सापडला, थरथरत. काकांनी त्याला छातीशी धरून आणलं. गेटवर अख्खी सोसायटी मोबाइल उंचावून उभी.

“काका, तिथेच थांबा! पेढ्याचं स्वागत करायचंय!”

“पाया पडतो तुझ्या पुष्कर, नको.”

“अहो, लाजताय काय एवढे!”

पहिला बॉम्ब फुटला तसा पेढ्या हातातून निसटला. या वेळी काकाही त्याच्यामागे धावले ते पुन्हा गेटकडे वळलेच नाहीत.

व्हिडिओतून मात्र पेढ्याने उडी मारल्याचा भाग कापला होता. ‘मुक्या जीवाचं जंगी स्वागत’ बघता बघता सगळीकडे पोचलं. तुम्हीही खाली लाल बदाम टाकलात. फटाक्यांचा आवाज सहन होईना, म्हणून फोन तेवढा म्यूट केलात.