जाड अक्षरातलं पाणी

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात ‘गंगासागर’ नावाची चारमजली इमारत आहे आणि तिच्या नळांना पाणी येत नाही. ही तक्रार नव्हे, माहिती आहे. इमारतीच्या जागी पूर्वी पुतळाबाईंच्या सासऱ्यांचं बावखल होतं. मळा भिजवून वर म्हशी डुंबवणारं ते तळं बुजवायच्या आधी बिल्डरने काठावर बोर्ड रोवला: ‘चोवीस तास पाणी’. पुतळाबाईंनी तो स्वतः वाचला आणि मगच कागदावर सही केली.

कारण पुतळाबाईंना वाचता येत होतं. शाळा दुसरीत सुटली, पण पुढचं शिक्षण त्यांनी दुकानांच्या पाट्यांवर पुरं केलं. त्यामुळे त्यांना जाड अक्षर तेवढं लागे. बारीक अक्षरांना त्या मुंग्या म्हणत. “ज्याला काय सांगायचं असतं तो मोठ्यानं लिवतो,” त्या सुनेला, स्वप्नालीला ऐकवत. “ज्याला लपवायचं असतं तो मुंग्या सोडतो.”

पुढे नाक्यावर कल्पेशने फ्लेक्सचं दुकान काढलं आणि त्याच्या कॉम्प्युटरमधून ‘पैलवान’ टाइप गावात उतरला. त्याचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं, पण अक्षरांच्या मांड्या बघून नाक्यानेच बारसं उरकलं. बारीक अक्षर विनंती करतं, मधलं कळवतं, पैलवान दम देतो. तो वाढदिवसाला शोभतो, निवडणुकीला तर लागतोच. श्रद्धांजलीला वापरला की मेलेला माणूस उमेदवार वाटतो.

महापालिकेची निवडणूक जवळ आली तसा भावी नगरसेवक शत्रुघ्नभाऊंनी गंगासागरच्या फाटकावर फ्लेक्स टांगला. पैलवानात: ‘पाणी आले!’ खाली मुंग्या: ‘येण्याच्या दृष्टीने पाठपुरावा सुरू केल्याबद्दल शत्रुघ्नभाऊंचे हार्दिक अभिनंदन.’

पुतळाबाईंनी वरचं वाचलं आणि घरातली झाडून सगळी भांडी, चहाच्या कपांसकट, नळासमोर मांडायला लावली. नळ नुसता खोकला. दुसऱ्या दिवशी नेहमीचा टँकरही फिरकला नाही. तेव्हा स्वप्नालीकडून अर्ज लिहून घेऊन, रिकामा हंडा कमरेवर घेऊन पुतळाबाई पाणीखात्याच्या कचेरीत धडकल्या.

“मावशी, पाणी आलेल्या वस्तीला टँकर देता येत नाही,” साहेब म्हणाले. फ्लेक्सचा फोटो त्यांनी फाइलला रीतसर जोडला होता.

“नळ कोरडा ठणठणीत हाय माजा! येऊन बघ!”

“नळ हा पुरावा होत नाही. नळावर काही लिहिलेलं नसतं.” साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरला. “आणि हे बघा, केवढंसं अक्षर! इतक्या ठळक मजकुराचं खंडन करायचं तर तितकाच ठळक मजकूर हवा ना?”

बाकी कुणी असतं तर भांडलं असतं. पुतळाबाईंना मात्र हे मनापासून पटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना शहाणा सरकारी माणूस भेटला होता. त्या तडक कल्पेशकडे गेल्या.

“पैलवानापेक्षा जाड दे.”

“आजी, त्याच्यापुढे जाड केलं की अक्षरांची पोटं भरून येतात. नुसते काळे डाग दिसतील. वाचता नाही यायचं.”

“मेल्या, वाचतंय कोन? दिसाय पायजे!”

‘पाणी नाही!’ असा फ्लेक्स ‘पाणी आले!’च्या डोक्यावर चढला. शत्रुघ्नभाऊंनी त्याच्या डोक्यावर आपला नवा बसवला. पुतळाबाईंनी त्याच्यावर. असं करत पहिला मजला झाकला, मग दुसरा. लोकांनी भरदुपारी दिवे लावले, वाळत घातलेले कपडे ओलेच कुबट व्हायला लागले. अखेर साहेब पाहणीला आले. नळाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी टेप काढली आणि दोन्ही बाजूंच्या अक्षरांची जाडी मोजली.

पुतळाबाई जिंकल्या.

‘इमारतीत पाणी नसल्याचे सिद्ध झाले आहे,’ असा शेरा मारून साहेबांनी नियमाप्रमाणे पुढची कार्यवाही केली. जिथे पाणीच नाही तिथे नळजोडणी कशाला? माणसं आली आणि पाइप कापून घेऊन गेली.

“आई, निदान खोकायचा तरी!” स्वप्नालीने कपाळाला हात लावला.

पुतळाबाईंनी पायातली चप्पल हातात घेतली आणि शत्रुघ्नभाऊंचं संपर्क कार्यालय गाठलं. “भाड्या, माजं बावखल गेलं, टँकर गेला, आता नळ पन गेला! कुटं हाय तुजं पानी?”

“बसा आई,” भाऊ गोड हसले. “तुमचाच फ्लेक्स आलाय बघा आत्ता.” त्यांनी गुंडाळी जमिनीवर सोडली.

‘पुतळाबाईंमुळे पाणी आले!’

पुतळाबाईंनी एकेक अक्षर लावलं. मग पुन्हा लावलं. रेशनकार्डावर हे नाव मुंगीएवढं होतं. नवऱ्याने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. आज ते म्हशीएवढं होऊन समोर पसरलं होतं. चप्पल हळूच पायात गेली.

“‘पु’ जरा बारीक वाटतो,” त्या म्हणाल्या.

तो जाड करून फ्लेक्स तिसऱ्या मजल्यावर चढला. स्वप्नाली रिकामी बालदी घेऊन खाली उभी होती. “आई, पाणी कुठाय?”

“वाचता येत नाय? बी.ए. झालीस ना तू?”

या गोष्टीचं नाव जाड अक्षरात छापावं, अशी पुतळाबाईंची सक्त ताकीद होती. ते वाचूनच तुम्ही आत शिरलात. मग या एवढ्या मुंग्यांमधून पाणी निघेल, असं वाटलं होतं? बालदी उचला. मागे रांग आहे.