आबांचा पियानोवाला

कुंडलच्या चौकात एका सकाळी एका अमेरिकन म्हाताऱ्याचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्याकडे अशा फ्लेक्सवर ‘शोकाकुल’ म्हणून निदान चाळीस नावं असतात. याच्यावर एकच होतं : सुभेदार आबा. लोकांनी विचारलं, पाहुणा कुणाकडचा? आबा म्हणाले, जॅझचा पियानो वाजवायचा.

फौजेत आबांकडे ऑफिसर मेसची व्यवस्था होती. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना त्यांना या माणसाच्या तबकड्या दिल्या, आणि आबांनी उरलेला जन्म त्याच ऐकल्या. त्याची कारकीर्द ते उसाच्या भाषेत सांगत. तरुणपणचं वादन म्हणजे लागण, उसाचं पहिलं पीक. वाढ जोरात, पाला फार. तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा. ती मधली वर्षं. पुन्हा तोडल्यावर येतो तो निडवा, म्हणजे त्याचं म्हातारपण. “कांडी बारकी, पण साखर लय,” आबा म्हणत. जगातल्या निम्म्या पियानोवाल्यांनी लावायला बेणं याच्याच रानातून नेलंय, हे त्यांचं ठाम मत. आबांना जाऊन आता वर्ष झालं. अजून उसाचा फड दिसला की मला पियानो ऐकू येतो.

फ्लेक्सवरचं एकटं नाव त्यांना खुपत होतं. “माणूस एवढा मोठा, आन् रडायला मी एकटा? बरं दिसत न्हाई गड्या.” पण पुरतं ऐकल्याशिवाय कुणाचं नाव खाली चिकटवायचं नाही, ही त्यांचीच अट. सरपंचांनी लागणीतच मोबाइल काढला. ग्रामसेवक खोडव्यात घोरू लागले. शेवटी आबा वाचनालयात माझ्याकडे आले. तुला गप बसता येतं, तेवढी लायकी पुरे, म्हणाले.

दुपारी त्यांच्या घरी, पुढच्या सोप्यात बसलो. निडव्यातल्या एका तबकडीत पियानो मध्येच थांबला. आबांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने सूर परत आले.

“हितं आमची मंडळी दरवेळी बाहेर यायची,” ते म्हणाले. “हात पुसत इचारायची, बंद पडलं व्हय? परत सुरू हुतंय, हे मी कवा सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर आली नसती.”

काकींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

नाव चिकटवतो तुझं, म्हणत ते उठले. मी तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली. पियानो त्याच जागी थांबला. आबा दाराकडे पाहू लागले.

“बंद पडलं व्हय, आबा?” मी विचारलं.

त्यांनी वळायला वेळ घेतला.

“न्हाई रं,” ते म्हणाले. “थांब जरा. हाय त्यो.”